बंदूकनानांचं कोरडं कपाट

लग्न होऊन मी दिंडोरीजवळच्या या घरात आले, माप ओलांडलं आणि सासऱ्यांच्या पाया पडायला वाकले. आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या हाताला घाम येतो का गं?" मला वाटलं, नवी मुलगी भेदरली असेल म्हणून काळजीनं विचारताहेत. मला तर भरूनच आलं. मी म्हटलं, थोडा येतो. नानांनी मान हलवली आणि सासूबाईंकडे वळून बजावलं, "हिला आतल्या खोलीतल्या कपाटाला हात लावू देऊ नको." असा माझा गृहप्रवेश. आशीर्वाद बहुधा नंतर दिला असावा, मला तो आठवत नाही.

त्या कपाटात एक दुनळी बंदूक होती. नानांच्या आजोबांच्या नावावर पिकाच्या राखणीसाठी लायसन मिळालेलं, ते वडिलांकडे आलं आणि मग नानांकडे. गावात या माणसाला त्याच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. 'बंदूकनाना' म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं. कोणाला वाटेल, गडी मोठा निशाणेबाज असेल. छे! नानांनी जन्मात एकदाही त्या बंदुकीचा घोडा ओढला नाही. का, तर म्हणे दारू उडाली की नळीत तिची राख बसते, राख ओल धरते आणि ओल धरली की गंज आलाच. "वाजवली की खराब झाली समजा," असं ते मोठ्या गांभीर्यानं सांगायचे. एकदा रानडुकरांनी शेजाऱ्याच्या मक्याचा पार सत्यानाश केला. शेजारी हातापाया पडला, नाना, एक बार काढा, नुसता आवाज तरी करा. नाना बांधावर गेले, पण पत्र्याचा डबा घेऊन. तोच बडवून आले.

बंदूक वाजवायची नव्हती, तर मग करायचं काय होतं तिचं? सांभाळायची होती. बस्स. तीन पिढ्यांत तिच्यावर गंजाचा ठिपका पडलेला नाही, एवढीच त्या माणसाची जन्माची कमाई आणि त्याचाच तो टेंभा. द्राक्षबाग माझा नवरा बघायचा, घर सासूबाई बघायच्या आणि नाना बघायचे हवा. पाहुणा आला की चहा व्हायच्या आत त्याला आतल्या खोलीत नेऊन लांबूनच दर्शन घडवायचे. पाहुण्यानं कौतुकानं हात पुढे केला, की झटकन मध्ये यायचे. माणसाच्या बोटांना मीठ असतं, आज बोट लागलं की उद्या तिथं बोटाचा छाप उमटतो तपकिरी, हे सगळं त्याला ऐकवायचे. बिचारा पाहुणा आपली बोटं लपवत चहा प्यायचा.

कपाट त्यांनी अंबडच्या एका वर्कशॉपमधून मुद्दाम करवून घेतलेलं होतं, जाड पत्र्याचं, दुहेरी कुलपाचं. घरात ते आलं तेव्हा ज्या खोलीत ठेवलं ती खोली घरातली सगळ्यात चांगली होती. बाहेरची एकही भिंत तिला नाही, त्यामुळे पावसाचा ओलावा झिरपायचा प्रश्न नाही. आम्हा नवरा-बायकोला मिळाली पश्चिमेची, जिची भिंत आषाढात बोट लावलं तर ओली लागायची. माझी लग्नातली पैठणी त्या खोलीत बुरशीनं गेली. मी ती नानांपुढे नेऊन धरली. त्यांनी साडी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी निरखून बघितली आणि म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो? या भिंतीला बंदूक ठेवली असती तर?"

कपाटाच्या आत हवेतली ओल दाखवणारं एक गोल यंत्र होतं. त्याला नाना 'हवेचं घड्याळ' म्हणायचे. रोज सकाळी आंघोळ झाली, अंग खडखडीत कोरडं केलं, की दार जेमतेम उघडून ते काटा बघायचे. काटा पन्नासच्या अलीकडे असला की माणूस खूश, नाश्त्याला दुसऱ्यांदा पोहे मागायचा. पलीकडे गेला की घरात कोणाशी बोलणं नाही. आमच्या धंद्यात दमट हवा म्हणजे बागेवर डाऊनी, पानांवर पांढरी बुरशी, आणि दोन दिवस फवारणी चुकली की वर्षाचं पीक हातचं जातं. एका ऑक्टोबरात छाटणीनंतर अवेळी ढग आले. माझा नवरा ट्रॅक्टरला फवारणीचं यंत्र जोडून एकटा पळत होता, मजूर मिळेनात, आणि वडिलांना हाक मारायला घरात आला तर वडील कपाटापुढे स्टुलावर बसलेले. म्हणाले, "थांब रे, काटा चढतोय." नवरा तसाच परत गेला. त्या दिवशी त्यानं घरात जेवण केलं नाही.

काटा उतरवायला त्यांच्याकडे औषध होतं, निळे खडे. बुटांच्या खोक्यात पुड्या येतात तसलेच, पण नाना किलोनं आणायचे. हे खडे ओल पितात, पोट भरलं की गुलाबी होतात, मग ते भाजून पुन्हा निळे करायचे. हे भाजणं आमच्या स्वयंपाकघरात चालायचं, सासूबाईंच्या कढईत, शेंगदाणे भाजावेत तसं. सासूबाई गरीब बाई, पण कढईच्या बाबतीत गरीब नव्हत्या. एका पावसाळ्यात त्यांना मेथीच्या भाजीत निळा खडा सापडला. त्यांनी तिथल्या तिथं कढई उचलली, गॅसवरून थेट नानांच्या कपाटापुढे नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, इथंच जेवा आता तुम्ही, तिच्या सोबतीनं. त्या दिवसापासून खडे भाजणं बंद. पुढं जे रामायण झालं त्याचं मूळ या कढईत आहे.

पण त्याआधी ठाण्याचं सांगायला हवं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांनी आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत न्यायची, हे तुम्हाला माहीत असेल. बाकीचे लोक जीपमधून येतात, बंदूक टेबलावर ठेवतात, पावती घेतात आणि जातात. नाना आदल्या दिवशीपासून लेक सासरी पाठवायच्या तयारीला लागायचे. तेल लावायचं, मऊ धोतरात गुंडाळायची, प्लॅस्टिक चालायचं नाही कारण आत घाम धरतो. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीवर गांगुर्डे नावाचे हवालदार होते. चोरीच्या मोटरसायकली, गावठी दारूचे कॅन, कोणाकोणाच्या कुऱ्हाडी, सगळं त्यांच्या ताब्यात. त्या गांगुर्ड्यांना नाना सूचना द्यायचे. भिंतीला टेकवू नका. फरशीवर ठेवू नका. दाराजवळ नको, खिडकीजवळ नको. गांगुर्डे 'हो नाना, हो नाना' करत लिहायचं काम पुढे चालू ठेवायचे.

एवढ्यावर भागायचं नाही. दर आठवड्याला बाजाराचं निमित्त काढून नाना ठाण्यात डोकावायचे. गांगुर्डे एकदा म्हणाले, "नाना, तिला डबा आणलाय का?" सगळं ठाणं हसलं. नानांना विनोद कळला नाही. ते म्हणाले, नको, नुसतं एकदा बघू द्या. मी तेव्हा पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मालाची प्रत तपासायच्या कामाला होते, जाता-येता नानांना सोडायचं काम माझ्याकडे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत. लाजेनं मान वर करायची सोय नव्हती. एक पोरगेला शिपाई मला हळूच विचारता झाला, ताई, यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?

गेल्या लोकसभेच्या वेळी बंदूक भर उन्हाळ्यात जमा झाली. निकालानंतर आणायला गेलो. नानांनी तिथंच टेबलावर धोतर सोडलं, खिशातून भिंग काढलं आणि नळीचा इंच न् इंच तपासला. एक ठिपका सापडेल तर शपथ. उन्हाळ्यात कसला ठिपका सापडतोय, नाशिकचा मे महिना लोखंड काय, माणूससुद्धा वाळवतो. खरं सांगायचं तर नानांचं तोंड उतरलं. इतक्या सूचना दिल्या त्या पाळल्या गेल्या म्हणायचं की काहीच न करता बंदूक नीट राहिली म्हणायचं, हे त्यांना ठरवता येईना. परत येताना वाटेत एवढंच म्हणाले, "गांगुर्डे बरा माणूस हाय. पण हवेचं त्याला काय कळत नाय."

मग पाऊस लागला. त्या वर्षी आमच्या पट्ट्यात ऊन असं दिसलंच नाही. काटा चढला तो उतरेना, आणि खडे भाजायला कढई नाही. नाना घरात येरझाऱ्या घालायचे. मग एक दिवस अचानक त्यांची तब्येत सुधारली. जेवताना गुणगुणायला लागले. विचारलं तर म्हणाले, सोय झाली. काय सोय, ते सांगितलं नाही. कपाट बंद करून किल्ल्या कमरेला लावल्या आणि जाहीर केलं की आता गणपतीपर्यंत दार उघडायचं नाही, उघडझाप केली की बाहेरची हवा आत शिरते. आम्ही म्हटलं, चला, तेवढीच शांतता.

गणपतीत त्यांनी दार उघडलं. मी कामावर होते. संध्याकाळी आले तर आरतीची ताटं तशीच, सासूबाई दाराशी उभ्या आणि नाना पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. सासूबाई म्हणाल्या, बंदूक गंजली. एखादा ठिपका पडलाय असं नाही, दोन्ही नळ्यांवर, घोड्यावर, चापावर, जिथं म्हणून लोखंड तिथं तपकिरी फोड. मी मनाशी म्हटलं, सुटलो आपण. देवाशप्पथ, असंच म्हटलं. पण नाना उठले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी कारण शोधून काढलं होतं. ओल ठाण्यात लागली, वरून दिसली नाही, पोलादाच्या आत दबा धरून बसली आणि इथं येऊन फुटली. ओल काय गोवर आहे दबा धरून बसायला? माझ्या नवऱ्यानं समजावलं, मी समजावलं. ऐकेल तो माणूस कसला. नाशिकला जाऊन वरच्या साहेबांकडे अर्ज देऊन आले की सरकारी ताब्यात असताना हवालदार गांगुर्डे यांच्या हलगर्जीपणानं माझ्या वडिलोपार्जित शस्त्राची हानी झाली, कारवाई व्हावी.

अर्ज कुठंतरी फायलीत मरेल अशी माझी कल्पना. पण नेमका तो चालला. खालच्या साहेबांनी गांगुर्ड्यांकडून लेखी खुलासा मागवला. आणि एका रविवारी दुपारी गांगुर्डे साध्या कपड्यांत आमच्या दारात. गणवेशाशिवाय ते मला ओळखूच आले नाहीत. पाणी दिलं ते हातात धरून बसले. म्हणाले, "नाना, दिवाळीनंतर मी घरी बसतोय. चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडकतील. सगळी नोकरी झाली, एक लाल शेरा नाही माझ्या नावावर. माझ्या हातून चुकलं असेल तर मला दाखवा, मी भोगीन. पण नक्की माझंच चुकलंय का, एवढं बघा."

अशा वेळी दगडालाही पाझर फुटेल. नानांनी त्यांना हवेवर व्याख्यान दिलं. लोखंड कसं ओल ओढतं, सरकारी खोल्यांना वायुवीजन कसं नसतं, तुमच्या लोकांना शिस्तच नाही. गांगुर्डे खाली मान घालून ऐकत होते, त्यांच्या कानशिलावरनं घाम वाहत होता. मला नानांची इतकी शिसारी कधी आली नव्हती. शेवटी नाना उठले, "चला, डोळ्यांनी बघा तुमचं काम," म्हणाले आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं. मीही मागोमाग गेले, म्हटलं, आता हे एक शब्द जास्त बोलले तर मी सोडणार नाही. नानांनी दोन्ही कुलपं काढली आणि दार उघडलं.

मला ठसका लागला. नाकात, घशात एकदम आगपेटीची काडी ओढल्यासारखा झोंबरा वास गेला. हा वास मी रोज घेते. हंगामात पॅकहाऊसमध्ये आम्ही द्राक्षांच्या प्रत्येक पेटीत वरून गंधकाचा एक कागद टाकतो. पेटीतली ओल लागली की त्या कागदातून हळूहळू वायू सुटतो, त्यानं बुरशी मरते, म्हणून द्राक्ष बोटीतून महिनाभर प्रवास करून परदेशात उतरतं तरी देठ हिरवा असतो. मी वाकून बघितलं. कपाटाच्या प्रत्येक फळीवर ते पांढरे कागद नीट चौकोनात अंथरलेले, बंदुकीच्या खाली, मागं, वर, एक तर दोन नळ्यांच्या मध्ये गुंडाळून खोचलेला. आमच्या बागेतल्या शेडमध्ये मागच्या हंगामातला गठ्ठा उरला होता, तोच.

मी विचारलं, "नाना, हे कोणी ठेवले?"

"मी," नाना म्हणाले, आणि त्याही अवस्थेत त्यांच्या आवाजात फुशारकी होती. गंज दिसल्यावर आणखी घातले, हेही त्यांनी सांगितलं.

मी तिथंच गांगुर्ड्यांसमोर सांगितलं. घरातलं माणूस, वडीलधारं, पाहुण्यासमोर बोलू नये, सगळं मला कळतं. पण तो घाम पुसणारा माणूस समोर उभा होता. म्हटलं, नाना, हा वायू ओलीत मिसळला की त्याचं आम्ल होतं. बुरशी मारतं तसंच ते लोखंड खातं. आमच्याकडे ज्या खोलीत हे कागद ठेवतात तिथल्या कड्या-कुलपं दर वर्षी बदलावी लागतात. ठाण्यात काही झालेलं नाही. बंदूक इथं गंजली, या कपाटात. नाना म्हणाले, "द्राक्षं काय लोखंडापेक्षा चिवट असत्यात का? जो कागद नाजूक द्राक्षाला सांभाळतो, तो पोलादाला खाईल? काय बी बोलू नको." गांगुर्डे एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांना द्राक्षातलं काही कळत नव्हतं, पण माझ्या बोलण्यात आपली सुटका आहे एवढं त्यांना कळलं असावं. जाताना मला हात जोडून गेले.

मीही हट्टाला पेटले. काचेच्या दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत नवे कोरे खिळे टाकले, दोन्हींत कोपऱ्यात ओल्या कापसाचा बोळा. एकीत तो गंधकाचा कागद, दुसरीत नाही. झाकणं घट्ट लावून नानांच्या उशाशी ठेवल्या आणि म्हटलं, तुम्हीच राखण करा, मी हातसुद्धा लावणार नाही, माझ्या हाताला घाम येतो. राखणीला त्यांच्याइतका पक्का माणूस मिळायचा नाही. भिंग घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून हसले. मग हसणं थांबलं. मग बरण्या पलंगाखाली ठेवायला लागले, कोणाला दिसू नयेत म्हणून. शेवटी मीच त्या ओढून बाहेर काढल्या. साध्या बरणीतले खिळे जरासे काळवंडलेले. कागदाच्या बरणीतल्या खिळ्यांवर तपकिरी पूड धरलेली, हलवलं तर तळाला सांडत होती. दोन्ही मी त्यांच्यापुढं ठेवल्या. नाना त्या दिवशी जेवायला बसले आणि न जेवताच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "गाडी काढ. ठाण्यात जायचंय." ठाण्याच्या फाटकापाशी मी गाडीतून उतरायला लागले तर त्यांनी मला अडवलं. तू इथंच थांब, म्हणाले. मी थांबले. बराच वेळ लागला. मग नाना बाहेर आले, त्यांच्यामागं गांगुर्डे थेट फाटकापर्यंत आले आणि आमची गाडी वळेपर्यंत उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? "अर्ज मागे घेतला. झालं," नाना म्हणाले. काय सांगितलंत त्यांना? "सांगितलं काय सांगायचं ते."

मला काय कळत नव्हतं का! हा माणूस आयुष्यात 'माझं चुकलं' म्हणालेला नाही. बायकोला नाही, पोराला नाही. मी सगळ्या रस्त्यानं त्यांना सोललं. म्हटलं, गैरसमज झाला म्हणून लिहून दिलं असेल. की सुनेच्या पॅकहाऊसचा कागद वाईट निघाला म्हणालात? की हवाच तशी होती? नाना खिडकीतून दुसऱ्यांच्या बागा बघत बसले. एकदाही उलट बोलले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी जोरात होते.

नाशिकच्या बंदूकवाल्यानं गंज उतरवून दिला, पण नळ्यांना आतून खड्डे पडले होते. वाजवू नका, फुटेल, असं त्यानं सांगितलं. म्हणजे नानांना हवं होतं तेच. गांगुर्डे दिवाळीनंतर रीतसर निवृत्त झाले, पेन्शन सुरळीत लागली, हे ठाण्यातून कळलं. नाना त्यांच्या निरोपाला गेले नाहीत. घरात तो विषय कोणी काढला की उठून अंगणात जायचे. मी मात्र वेळ मिळेल तेव्हा काढायचे. पुढच्या पावसाळ्याच्या आधीच, एप्रिलच्या छाटणीचं काम चालू असताना, नाना बागेत बसल्या जागी गेले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

दशक्रिया कादवेच्या काठी झाली. आमच्याकडे दशक्रियेला कर्णा लागतो, हे सांगायला नकोच. सोसायटीचे चेअरमन, माजी सभापती, होऊ घातलेले सदस्य, सगळे एकापाठोपाठ माइकवर येतात आणि गेलेला माणूस कोणीही असो, तो दानशूर होता, मनमिळाऊ होता आणि गोरगरिबांचा आधार होता. नानाही त्या दिवशी मनमिळाऊ झाले. एका पुढाऱ्यानं तर त्यांचं नाव चुकवलं आणि तरी ते गोरगरिबांचा आधार राहिले. मी बायकांत बसून मनातल्या मनात प्रत्येकाचा समाचार घेत होते. या लोकांनी एक दिवस त्यांच्याबरोबर पावसाळा काढायला हवा होता. यादी संपत आली तेव्हा मागून एक माणूस पुढं आला आणि सूत्रसंचालकाच्या हातातून त्यानं जवळजवळ ओढूनच माइक घेतला. गांगुर्डे.

त्यांना बोलायची सवय नव्हती. माइक तोंडाला चिकटवून बोलत होते, अर्धे शब्द फाटत होते. म्हणाले, "या माणसानं माझ्यावर अर्ज केला होता. खोटा होता. मग एक दिवस स्वतः ठाण्यात आले. साहेब म्हणाले, नाना, गैरसमजातून अर्ज केला असं लिहा, मिटवून टाकू. नाना म्हणाले, गैरसमज नाय, माझी चूक हाय, तसंच लिहा. साहेबांनी पुन्हा समजावलं, वय झालंय तुमचं, कशाला कमीपणा घेता. तर नाना म्हणाले, बंदूक माझ्या हातानं गंजली साहेब, या माणसाच्या नावाला गंज नको. सगळ्या ठाण्यासमोर माझ्यापुढं हात जोडले त्यांनी. आणि म्हणाले, मला काय कळत नव्हतं, माझ्या सुनेनं दाखवलं. लय हुशार हाय माझी सून." एवढं बोलून त्यांनी माइक खाली ठेवला आणि गर्दीत निघून गेले.

पुढं कोण काय बोललं, मी ऐकलं नाही. सगळ्या ठाण्याला सांगितलं, हवालदाराला सांगितलं, साहेबाला सांगितलं, आणि मी तिथं फाटकाबाहेर गाडीत बसले होते! त्या रस्त्यानं मी इतकं बोलले आणि या माणसानं तोंड उघडू नये? सहा महिने माझे टोमणे खाल्ले आणि एका शब्दानं सांगू नये? मला असा काही राग आला म्हणून सांगू! हुंदका कधी फुटला ते मलाही कळलं नाही. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, काय होतंय गं?

मी म्हटलं, "मला आत्ता नाना पाहिजेत. मला भांडायचंय त्यांच्याशी."